दुपारची वीज

(भूम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी छापताना काढली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक बसवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते नळीतले पाणी मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बहुतेक दिवस शून्यच लिहावे लागे. आम्ही पोरे विचारायचो, "गुरुजी, पडलाच नाही तर लिहायचं कशाला?" ते म्हणायचे, "शून्य लिहिलं नाही तर उद्या कुणी म्हणेल, मोजलंच नव्हतं." पुढे मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, त्याची सुरुवात त्या वहीपाशी झाली. आज बोलायला सौर विजेचा विषय निवडला तोही त्या वहीमुळेच. आपल्या गावात सोलरच्या प्लेटा छपराछपरांवर चढू लागल्या आहेत. मोजणारे मात्र थोडे दिसतात.

भूमचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतली वेळ ढगात जाते, मेमधली लख्ख दिसते. बाकी वर्षभरातला बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेला असतो. म्हणून आपल्याकडे प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, अठरा अंशांच्या आसपास कलत्या बसवायच्या. आलमप्रभूच्या डोंगरावर उभे राहून खाली पाहिले तर दिसते की गावातली निम्मी छपरे आयतीच दक्षिणेला उतरती आहेत. बालाघाटाच्या या पठाराने पावसासाठी आपल्याला फार झुलवले. उन्हासाठी कधी झुलवले नाही.

एक किलोवॅटच्या सोलरला शंभर चौरस फूट जागा लागते. सरासरी धरली तर त्यातून दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला एकशेवीस युनिट वीज मिळते. सरासरी म्हटले, कारण आषाढातल्या झाकोळलेल्या आठवड्यात एखाद्या दिवशी एक युनिटही धड निघत नाही. उलट फाल्गुनात पाचाच्या पुढे जाते. वैशाखात ऊन सर्वात कडक, तेव्हा वीजही सर्वात जास्त, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. प्लेटेतला सिलिकॉनचा घट पंचवीस अंशांच्या वर तापला की दर अंशाला त्याची ताकद साधारण 0.35 टक्का घटते. मेच्या दुपारी पत्र्यावरची प्लेट 65 अंशांना पोचते, म्हणजे चौदा टक्के, सातवा हिस्सा तिथेच गेला. म्हणून प्लेट पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा फिरेल एवढी उचलून बसवा. फिटिंग करणाऱ्याला घाई असते, त्याच्यासमोर उभे राहून हे करून घ्या.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

2005 ते 2012 हा काळ इथल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. बारा-बारा तास भारनियमन. पोरांच्या परीक्षा कंदिलावर, पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग, आणि रात्री दोनला थ्री फेज आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघालेला शेतकरी, पायाखाली काय आहे ते न दिसता. त्या वर्षांनी आपल्या मनात विजेच्या तारेविषयी एक कायमचा राग ठेवला. त्यामुळे घरावर तीन किलोवॅटचे सोलर बसवले तेव्हा मी आनंदाने म्हणालो, संपली एकदाची ती कटकट. पुढे चैत्रातल्या एका दुपारी, रणरणत्या उन्हात, गावातली लाईट गेली आणि माझ्या घरातले पंखेही थांबले. छपरावर बारा वाजताचे ऊन, आणि खाली मी घामाने निथळत बसलेलो. बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, ते तसंच असतं." मला हे विकताना कुणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते, आणि भौतिकशास्त्राच्या मास्तराने ते विचारायला हवे होते.

असे का होते, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. आपल्याकडे घरोघरी बसते ते सोलर बहुतेक वेळा महावितरणच्या तारेला जोडलेले असते. तारेतली वीज गेली की घरचा सोलर इन्व्हर्टर क्षणात स्वतःला बंद करतो. कारण सरळ आहे. लाईन गेली असे समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत शिरली तर त्याचा जीव जाईल. या नियमाला मी नावे ठेवणार नाही. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. बॅटरी नसलेले, तारेला जोडलेले सोलर तुमचे बिल कमी करते. लाईट गेल्यावर ते तुम्हाला एक दिवासुद्धा देत नाही.

मग तुम्ही म्हणाल, बिल शून्य झाले ना? झाले. पण बिल शून्य होणे आणि तारेची गरज शून्य होणे, यांत मोठे अंतर आहे. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः या अंतराविषयी बोलायचे आहे. नेट मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो. दुपारी घरात माणूस नसतो, तेव्हा तुमची दहा युनिट वीज तारेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, बाजारपेठेत निघून जाते. रात्री तुम्ही आठ-दहा युनिट तारेतून परत घेता. कागदावर जमाखर्च मिटला. पण रात्री घेतलेली ती वीज तुमच्या उन्हाची नसते. कुठल्या तरी औष्णिक केंद्रात त्या वेळी कोळसा जळत असतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जळत असते. हे आपल्या मराठवाड्याने सोसले आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये पाणी नाही म्हणून शेजारचे परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले, आणि 2015 च्या दुष्काळात पुन्हा तीच वेळ आली. ज्या प्रदेशात माणसाला टँकरने पाणी द्यावे लागते, तिथे विजेसाठी पाणी उकळायचे, ही गोष्ट मला तेव्हापासून सलते. धाराशिवजवळ कौडगावला महानिर्मितीचा सौर प्रकल्प झाला, तेव्हा मला जो आनंद झाला त्याचे हेही एक कारण होते. प्लेटेला पाणी लागते ते धुण्यापुरते.

तार तोडा, असे मात्र मी म्हणणार नाही. ही तार फार मोठ्या कष्टाने आपल्यापर्यंत आली आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाला जोडले गेले. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकाच लयीत, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी वीज धावते. ती जोडणी आपल्या शेजारी सोलापुरात झाली, याचा अभिमान असावा. पण असे जाळे किती नाजूक असते तेही त्याच्या दीड वर्ष आधी दिसले होते. 30 आणि 31 जुलै 2012 ला लागोपाठ दोन दिवस उत्तरेकडचे जाळे कोसळले आणि दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. 12 ऑक्टोबर 2020 ला वीज गेली आणि मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. म्हणून तारेशी नाते ठेवायचे, पण सगळा भार तिच्यावर टाकून बसायचे नाही. विहीर असलेल्या घरालाही नळ हवाच असतो, तसे हे आहे.

भार कमी करायचा म्हणजे काय करायचे? इथे गुरुजींची वही उघडावी लागते.

लाईट गेल्यावर घराला खरोखर काय लागते ते आधी लिहू. तीन पंखे, पाच दिवे. जुना पंखा 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आत-बाहेर. दिवा 9 वॅटचा. जुने पंखे असतील तर सगळे मिळून 270 वॅट, नवे असतील तर 135. आता बॅटरी पाहू. घरोघरी असते ती 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची, शिशाची. दोन्ही आकडे गुणून हजाराने भागले की 1.8 युनिट येतात. पण ती बॅटरी चार-पाच वर्षे टिकावी असे वाटत असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे 0.9 युनिट. जुन्या पंख्यांवर ती साडेतीन तासही पुरत नाही. नव्या पंख्यांवर साडेसहा तास जाते. म्हणजे रात्री अकरापासून पहाटेपर्यंत घर झोपू शकते. बॅटरी तीच, प्लेटा त्याच, फक्त पंखे बदलले. मी दुकानात आधी बॅटरीची चौकशी करायला गेलो होतो, तेव्हा हा हिशेब मला कुणी दिला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते. मोठी बॅटरी घेण्याआधी तीन पंखे बदला. जिच्यावर फ्रिज, मोटार, इस्त्री सगळे चालेल अशी बॅटरी आपल्यासारख्या घराने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती महाग पडते, आणि त्यातली निम्मी ताकद वर्षभर रिकामी बसते.

आणि बॅटरीपेक्षाही स्वस्त उपाय आहे तो वेळापत्रकाचा. पाण्याची मोटार आपण पहाटे लावतो. तसे करायला कारण फक्त एक, पूर्वी लाईट पहाटेच असायची. भारनियमन गेले, सवय राहिली. हौद दुपारी बारा ते दोनमध्ये भरा. घरघंटी दुपारी चालवा, कडबा कुट्टी दुपारी करा, धुण्याचे यंत्र असेल तर दुपारी लावा, इस्त्री रविवारी दुपारी करा. भरलेला हौद ही आपल्याकडची सगळ्यात टिकाऊ बॅटरी आहे. ती विस्तव धरत नाही, पाच वर्षांनी बदलावी लागत नाही. पाणी साठवायचे कसे हे भूमच्या बाईला कुणी शिकवायला नको. तिने त्यात पिढ्या घालवल्या आहेत. उन्हाच्या वेळेची किंमत आता सरकारदरबारीही मान्य झाली आहे. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळते. शेतीच्या बाबतीत हेच काम मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना करते आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यात धोंडलगावला सुरू झाला, आणि तिथला शेतकरी दिवसा पाणी देऊ लागला. रात्री दोनला विंचवाच्या वाटेने जाणारा माणूस दिवसा रानात जातो, हे मला त्या योजनेतल्या सगळ्या मेगावॅटपेक्षा मोठे वाटते.

आता आपल्या खव्याविषयी बोलतो. त्याविषयी न बोलता भूममधून उठणे मला शक्य नाही. 2024 मध्ये आपल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या तालुक्यातले किती संसार भट्टीवर चालतात ते तुम्ही जाणता. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्यांच्या डोळ्यांचे आणि छातीचे त्या धुराने काय होते, तेही जाणता. भट्टीसाठी किती बाभळी गेल्या त्याचा हिशेब तर कुणीच ठेवला नाही. अलीकडे खवा घोटणारी यंत्रे आली, आणि ती सौर विजेवर चालवण्याचा प्रयोग आपल्याच भागात झाला. त्याचे मी मनापासून कौतुक करतो. पण पुढचे पाऊल टाकणाऱ्यांनी एक गणित आधी करावे.

एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध लागते. म्हणजे चार लिटर पाणी आटवायचे. पाणी आटवायला लागणारी उष्णता ठरलेली आहे, तिच्यात घासाघीस चालत नाही. दूध तापवण्यासह हिशेब केला तर एका किलोला, काहीही वाया न जाता, तीन युनिटांच्या आसपास वीज लागेल. एक किलोवॅटच्या प्लेटा दिवसभरात चार युनिट देतात. म्हणजे सव्वा किलो खवा, फार तर. दिवसाला पन्नास किलो खवा काढणाऱ्या भट्टीने केवळ सौर विजेवर दूध आटवायचे ठरवले तर चाळीस किलोवॅट लागतील, चार हजार चौरस फूट छप्पर. त्यामुळे प्लेटांच्या विजेने कढई तापवण्याचा हट्ट परवडणारा नाही. ही वीज कढई फिरवायला, घोटायला, धूर ओढून नेणाऱ्या पंख्याला द्या, आणि विशेषतः खवा थंड ठेवायला द्या. लग्नसराई नसताना भाव पडतो, खवा आंबेल या भीतीने तो मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. भर उन्हात, जेव्हा खवा सर्वात लवकर बिघडतो, नेमकी तेव्हाच प्लेट जोरात चालते. शीतपेटीइतका उन्हाशी जुळणारा दुसरा भार मला दिसत नाही. आटवण्याच्या उष्णतेसाठी चांगल्या बांधणीच्या, कमी लाकडाच्या भट्ट्या हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळे बोलावे लागेल.

योजनांची माहिती थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला महावितरणच्या कार्यालयातही मिळेल. फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळते. 2025 मध्ये राज्याने महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी आपली भर घातली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15,000 आणि इतरांना 10,000 रुपये. एक किलोवॅटचा खर्च पन्नास हजार धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराने भरायचे उरतात अडीच हजार. राज्याच्या या योजनेवर माझा भर जास्त आहे. तीन-पाच किलोवॅट बसवणारे माझ्यासारखे लोक स्वतःचे पाहून घेतील. अडीच हजारांची पावती जिच्या हातात पडेल त्या बाईचे बिल कायमचे हलके होते.

पण अनुदानाच्या आधी छप्पर पाहा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या जिल्ह्याला जे शिकवले ते विसरून चालणार नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, यांखाली माणसे गेली. आपल्याकडे अजून जुनी माळवदे आहेत. त्यांच्यावर लोखंडी सांगाडा आणि प्लेटा चढवू नका, अंगणात खांब रोवून बसवा. पत्र्याचे घर असेल तर पत्र्याला भोक पाडून कसलेला बोल्ट वादळात उपटतो. खालच्या अँगलला, कैचीला धरूनच बसवायचे. गारपिटीविषयी मला नेहमी विचारले जाते. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट पाहिलेल्यांनी ते विचारणे रास्तच आहे. चांगल्या प्लेटेची काच पंचवीस मिलिमीटरच्या गारेचा ताशी ऐंशी किलोमीटरचा मारा सोसते की नाही हे कारखान्यात तपासलेले असते. त्याहून मोठी गार पडली तर काच फुटू शकते, म्हणून विमा विचारून घ्या. धूळ मात्र रोजची आहे. उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी प्लेटा पुसा, सकाळी, त्या गार असताना. बोअरचे पाणी वापरू नका. त्यातले क्षार काचेवर पांढरे डाग धरतात आणि ते पुढे निघत नाहीत. पावसाचे पाणी एका पिंपात धरून ठेवा, तेच पुरवून वापरा.

छप्परच नसलेल्यांचे काय? भाड्याच्या खोलीत राहणारा, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारा, भावकीच्या वादात अडकलेल्या घरातली विधवा. यांच्या नावावर घरही नाही आणि मीटरही नाही. ऊन सर्वांवर सारखे पडते असे आपण म्हणतो, पण अनुदान घराचा उतारा आणि मीटर पाहून पडते. याचे उत्तर एकट्यादुकट्याने निघणार नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे शंभराच्या आसपास घरांचे गाव आहे. 2024 मध्ये ते राज्यातले पहिले सौरग्राम झाले. घरे, पंचायत, रस्त्यावरचे दिवे, सगळे उन्हावर. ते गाव आपल्यापेक्षा श्रीमंत आहे म्हणून झाले असे मला वाटत नाही. तिथे ग्रामसभा बसली आणि एकाही घराला बाहेर ठेवले नाही. आपल्या तालुक्यात एक तरी गाव असे उभे राहावे, आणि त्यात शाळेचे आणि आरोग्य उपकेंद्राचे छप्पर पहिले असावे. लसीच्या शीतपेटीला लाईट गेल्याचे कारण सांगता येत नाही, म्हणून तिथे बॅटरीसह.

जमलेल्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. सोलर बसवलेले असो वा नसो. उद्यापासून महिनाभर रोज सूर्य उगवताना एकदा आणि मावळताना एकदा, मीटरवरचा आकडा वहीत लिहा. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्याकडे हे काम द्या. महिन्याच्या शेवटी दोन बेरजा करा, दिवसाची किती आणि रात्रीची किती. दुपारवर काय ढकलता येईल ते घरात बसून ठरवा, आणि मगच दुकानाची पायरी चढा. ती वही घेऊन माझ्या घरी या. मी भूममध्येच आहे, आणि हिशेबाला बसायला मला वेळ आहे.